इंजिनाशी बोललेलं

रायभानला पोहता येत नव्हतं. मेंढरांमागे जन्म काढलेल्या माणसाला त्याची गरजही पडली नव्हती. ओढ्याला पाणी आलं की मेंढरं थांबत आणि मेंढरं थांबली की तोही थांबे. पुढे गावाखाली धरण झालं, नदीकाठचं सगळं चराऊ रान पाण्याखाली गेलं आणि रायभानने कळप विकून टाकला. त्यानंतर दोन वर्षं तो काठावरच्या एका दगडावर बसून त्या पाण्याकडे नुसता बघत असे. आत आपलं रान कुठे असेल, कुठल्या अंगाला बाभळी होत्या, हे त्याला बसल्या जागेवरून बोटाने दाखवता आलं असतं. पण विचारणारं कुणी नव्हतं.

एक दिवस भुजंग त्याच्याशेजारी येऊन बसला. भुजंगची जमीन वरच्या अंगाला होती, ती वाचली होती. तो म्हणाला, "नुसतं बघून काय व्हतंय रे? व्होडी कर."

"मला पवता येत न्हाई."

"मला कुठं येतंय? आपल्याला व्होडीत बसायचंय, पाण्यात न्हाई."

रायभानने जाफराबादच्या एका वेल्डरकडून पत्र्याची होडी करून आणली. भुजंगच्या विहिरीवर विजेची मोटार बसल्यापासून त्याचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन गोठ्यात पडून होतं. ते भुजंगने उचलून होडीत बसवलं, मागे दांडा आणि पंखा जोडला. गावाला हसायला महिनाभर पुरलं. "मेंढरं राखणारा आता मासे राखून राह्यला," असं कडूबा चावडीवर म्हणायचा. "भुजंगराव, बैल कुठून जुंपता व्होडीला?" असं कुणी तरी रोज विचारायचं. पण होडी चालली. संध्याकाळी जाळं टाकायचं, सकाळी ओढायचं, कटला आणि राहू पाटीत भरून जीपवाल्याकडे द्यायचे. असं अकरा वर्षं चाललं.

त्या इंजिनाची एक खोड होती. विहिरीवर ते एकट्याला चालू करता यायचं. होडीत मात्र जागेच्या अडचणीपायी ते आडवं बसवावं लागलं, त्यामुळे हँडल डाव्या अंगाला आलं आणि खटका उजव्या अंगाला. एकाने हँडल मारून चाकाला वेग द्यायचा आणि वेग आला की दुसऱ्याने खटका पाडायचा, म्हणजे इंजिन पेट घ्यायचं. हँडल भुजंगकडे, खटका रायभानकडे. "हं!" असं भुजंग म्हणायचा की रायभानचा हात आपोआप खाली यायचा.

त्यातल्या दहाव्या वर्षी वसंताचं लग्न झालं. वसंता भुजंगचा एकुलता एक मुलगा, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात कामाला होता. लग्न गावातच, शाळेच्या पटांगणात. रायभान सकाळपासून राबत होता. पंगतीत पाणी वाढायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात आणि त्यांची नावं माईकवरून पुकारतात. रामराव माईकवर होता. "साहेबराव पाटील, यांनी कृपया मांडवाकडं यावं. कडूबा शेठ, यांनी कृपया..." रायभान हातात बादली घेऊन पंगतीत फिरत होता आणि कान माईककडे लावून होता. त्याने त्या दिवशी नवं धोतर नेसलं होतं. तीस-पस्तीस नावं झाली. ज्यांचा भुजंगशी बांधाचा तंटा होता त्यांचीही नावं झाली. मग माईक बंद झाला आणि गाणी लागली.

रायभानने बादली खांबाशी ठेवली आणि तो न जेवता घरी गेला.

भुजंगला संध्याकाळी कळलं. ऐन पंगतीत बादली टाकून गेला याचा त्याला राग आला. तो बोलवायला गेला नाही. रायभान बोलवण्याची वाट बघत बसला. दोन दिवस असे गेले, आणि तिसऱ्या दिवशी दोघंही पहाटे होडीपाशी आले, कारण जाळं पाण्यात होतं. कुणी काही बोललं नाही. भुजंगने हँडल मारलं. "हं" तो म्हणालाच नाही. रायभानने चाकाच्या आवाजावरून अंदाज घेऊन खटका पाडला. तेव्हापासून चौदा महिने हे असंच चाललं होतं.

अगदीच बोलणं पडलं नव्हतं. घरात नवरा-बायकोचं बिनसलं की बायको मांजराला सांगून नवऱ्याला ऐकवते, तसं हे दोघं इंजिनाला सांगत.

"बाबा इंजिना," भुजंग चाकावर हात ठेवून म्हणायचा, "आज थंडी लई हाय. काही लोकांनी कानाला बांधलं असतं तं बरं झालं असतं."

"इंजिना, त्याला म्हणावं, मेंढक्याचे कान हायेत हे. थंडीच यांला भेती."

यातच सगळं चालायचं. कुणाची म्हैस व्याली, डिझेल कुठल्या पंपावर चांगलं मिळतं, जाळ्याची दोरी कुठे उसवली, सगळं इंजिनाला सांगून व्हायचं. रायभानची बायको गोपिकाबाई वारून तीन वर्षं झाली होती. मुलगी आसरा अंबडकडे दिलेली. घरी आल्यावर त्याला बोलायला चूलसुद्धा नव्हती, कारण तो ती फारशी पेटवतच नसे. दिवसभरात त्याच्या कानावर माणसाचा म्हणून जो आवाज पडायचा तो होडीतला. तो आवाज त्याच्याशी बोलत नव्हता, पण त्याच्यासाठीच होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी तो दळण आणायला गिरणीवर गेला होता. तिथे भुजंगच्या बायकोची, द्वारकेची शेजारीण सगुणाबाई भेटली.

"रायभानभाऊ, तुमचं काय मंग आता?"

"माझं काय?"

"द्वारका चालली ना जालन्याला. भांडी बांधून राह्यली. भुजंगभाऊ बी चालले. सोमवारी वसंता जीप घिऊन येणार म्हणती. तुम्हाला ठावं न्हाई?"

"ठावं हाय की," रायभान म्हणाला. "मला न्हाई ठावं तं कोणाला?"

दळणाची पिशवी डोक्यावर घेऊन तो घरी आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं एका होडीत बसलेल्या माणसाने गाव सोडायचं ठरवलं, भांडी बांधायला घेतली, आणि आपल्याला गिरणीवर कळतं. रात्र त्याने कशी तरी काढली. उद्या शनिवार. उद्या सकाळी तो सांगेल, असं त्याने मनाशी धरलं. सांगितल्याशिवाय जाणार नाही. इंजिनाला न सांगता, तोंडाने सांगेल.

शनिवारी पहाटे भुजंग आला. डोक्याला मफलर, हातात डिझेलचा डबा. त्याने डबा होडीत ठेवला आणि जाळ्याची पाटी आणायला परत काठावर गेला. रायभानने डबा बघितला, पण टाकीत ओतला नाही. भुजंगने आणलाय तर तोच ओतेल, असं त्याला वाटलं. भुजंग परत आला तेव्हा डबा टाकीजवळ सरकवलेला होता, म्हणजे रायभानने ओतलाय, असं त्याला वाटलं. तो डबा रायभानने बसायला जागा व्हावी म्हणून पायाने सरकवला होता. एक शब्दाचं काम होतं. पण ज्याला विचारायचं तो समोर असून त्याला विचारायचं नव्हतं, आणि इंजिनाला असलं कुणी विचारत नाही.

इंजिन चालू झालं. जाळं लांब, पलीकडच्या अंगाला होतं. तिकडे जुन्या रानातल्या बाभळी पाण्यात उभ्याच्या उभ्या वाळलेल्या होत्या आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसत. दोघांनी जाळं ओढलं. मासळी बरी होती. भुजंग सकाळभर इंजिनालाही काही बोलला नाही. रायभान वाट बघत होता. ओढताना दोनदा त्यांची डोकी जवळ आली, तेव्हा त्याला वाटलं, आता. पण भुजंगने फक्त एक राहू सोडवला आणि पाटीत टाकला.

परत निघाले आणि शे-दीडशे हात गेले असतील, तोच इंजिन खोकल्यासारखं झालं. दोनदा धूर टाकला, एक गचका दिला आणि बंद पडलं.

इंजिन बंद पडल्यावर धरणावर किती शांत असतं ते त्या दिवशी रायभानच्या लक्षात आलं. पत्र्याला लागणाऱ्या लाटांचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता. काठावर माणूस नव्हतं. गाव टेकाडाआड.

"पंख्यात शेवाळ गेलं आसंल," भुजंग इंजिनाला म्हणाला.

रायभान मागे गेला, पालथा पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. पंखा मोकळा होता. त्याने हात बाहेर काढला आणि इंजिनाकडे बघत मान हलवली. तोवर वारा होडीला बाभळींकडे ढकलत चालला होता. वल्हं एकच होतं. ते रायभानने मारलं, पण मासळीच्या ओझ्याने होडी ऐकेना. शेवटी ती एका बाभळीला जाऊन टेकली. काटे पत्र्यावर करकरले. रायभानने जाळ्याची दोरी खोडाला टाकून होडी बांधून घेतली. पाणकावळे उडाले आणि पुढच्या झाडावर जाऊन बसले.

भुजंगने टाकीचं झाकण उघडलं. आत बोट घातलं. बोट कोरडं निघालं.

"वा!" तो इंजिनाला म्हणाला. "तुला उपाशी चालवलं व्हय रे बाबा? भरलेला डबा शेजारी, आन् ओतायला हात न्हाई कोणाला."

"इंजिना, डबा कोणी आणला व्हता ते बी इचार."

"आणणाऱ्यानं आणला. इथं एक जण सकाळपासून बसून व्हता."

"बसणाऱ्याला काय सपान पडलं, का टाकी रिकामी हाय?"

"डबा टाकीपशी नेऊन ठिवला, तं ओतला आसंल असं वाटंल का न्हाई माणसाला? तूच सांग बाबा."

इंजिन काय सांगणार. भुजंगने डिझेल ओतलं. पण नुसतं ओतून भागत नव्हतं. टाकी कोरडी पडली की इंजिन नळीत हवा धरतं, मग कितीही हँडल मारा, ते उठत नाही. नळीचा नट ढिला करायचा, हळूहळू हँडल फिरवायचं, बुडबुडे निघून जातात आणि नुसतं डिझेल यायला लागलं की फिरवणं थांबवून नट आवळायचा. नट उजव्या अंगाला, खटक्याखाली. म्हणजे तो रायभानकडे. हँडल भुजंगकडे. मधे इंजिन. कधी फिरवायचं आणि कधी थांबायचं, हे नटापाशी बसलेल्याने सांगावं लागतं.

रायभानने पाना लावून नट ढिला केला आणि पत्र्यावर पान्याने टक् केलं. म्हणजे फिरव. भुजंगने फिरवलं. फेस आला, मग नुसतं डिझेल यायला लागलं. रायभानने पुन्हा टक् केलं, म्हणजे थांब. भुजंगला वाटलं, अजून फिरव. त्याने आणखी जोराने फिरवलं आणि डिझेलची चिळकांडी रायभानच्या डोळ्यांत गेली.

"काय येडं हाय का हे इंजिन," रायभान डोळे पुसत म्हणाला.

"इंजिन बराबर हाय. टकटक करणारा सुतार कच्चा हाय."

असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा नट पूर्ण निघाला, आणि त्याखालची, डिझेल गळू न देणारी तांब्याची चकती निसटली. ती पकडायला रायभानने बोट घातलं आणि त्याच वेळी पलीकडे भुजंगने हँडल ओढलं. चाक फिरलं. चाकाच्या आणि त्याला लागून असलेल्या लोखंडी पट्टीच्या मधे रायभानचं बोट.

"अरे थांब की! भुजंग, बोट गेलं माझं!"

भुजंगने हँडल तिथल्या तिथे धरून ठेवलं. मग उलटं फिरवून चाक मागे घेतलं. इंजिनावरून ओणवा होऊन तो इकडे आला, होडी एका अंगाला कलली, पण त्याने तिकडे बघितलं नाही.

"बघू."

"काही न्हाई."

"बघू म्हणलं ना."

नख काळंनिळं झालं होतं आणि कडेने रक्त येत होतं. भुजंगने डोक्याचा मफलर काढला, बोट त्यात गुंडाळलं आणि आपल्या मुठीत दाबून धरलं. दोघंही खाली बसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं होतं, हे दोघांनाही कळलं होतं, आणि आता पुढे काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

चकती कधीच होडीबाहेर उडून धरणाच्या तळाला गेली होती.

"आता?" रायभान म्हणाला.

"दोरा गुंडाळू आन् साबण लावू. चालतंय तेवढ्यापुरतं." भुजंगने पिशवीतून कपड्याच्या साबणाची वडी काढली. जाळ्याचा एक धागा दाताने तोडला. नटाच्या आट्यांवर तो धागा गुंडाळत असताना तो बोलायला लागला, मान खाली घालून.

"तुला सगुणाबाईनं सांगितलं म्हणं."

"हां. गिरणीवर."

"मी तुला आधीच सांगितलं व्हतं."

"मला? कधी?"

"दिवाळीच्या आधी. इंजिनाला म्हणलो न्हाई का मी, बाबा, आता तुला दुसरा धनी बघावा लागंल म्हणून? एकदा न्हाई, चार डाव म्हणलो."

रायभानला ते आठवलं. चांगलं आठवलं. त्याला तो टोमणा वाटला होता. भागी मोडायची धमकी. त्याने काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं. "धनी गेला तं गेला म्हणावं, इंजिन कुठं जातंय?" असं तो म्हणाला होता, आणि त्या दिवशी घरी जाताना आपण कसं तोडलं म्हणून त्याला बरंही वाटलं होतं.

"मला काय ठावं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू टोचून राह्यला."

"मी वाट बघत व्हतो, तू काय म्हणतो त्याची."

"मंग आता म्हणतो. नको जाऊ."

भुजंगने साबण घासायचा थांबवला. 

"द्वारकेला दिसंना झालं रे. एका डोळ्याचं तं बिलकुल न्हाई. परवा चुलीत भाकरीच्या जागी हात घातला तिनं. वसंता म्हणतो, इथं कोण बघंल. सून बरी हाय. तिला तिकडं ठिवून मी इकडं, कसं व्हायचं?" नटावर पुन्हा साबण घासत तो म्हणाला, "तव्हा म्हणला असता तं दिवाळी झाल्यावर बघू म्हणलो असतो. होळी झाल्यावर बघू म्हणलो असतो. माणूस लांबवत नेतो."

 वहिनींच्या डोळ्यांचं रायभानला माहीत नव्हतं. चौदा महिने तो त्या घरी गेला नव्हता.

"त्या दिशी," त्याने विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलं माईकवर?"

भुजंगने मान वर केली. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं, किंवा त्याने तसं दाखवलं. "यादी पावण्यांची व्हती. घरच्याला कोणी टोपी घालतं का? पाणी कोण वाढत व्हतं? पावणा वाढतो का पाणी?"

हे खरं होतं की आता सुचलेलं होतं, ते रायभानला सांगता आलं नसतं. रामरावच्या यादीत नाव राहून गेलं असेल आणि भुजंगला ते आजवर माहीतही नसेल, असंही असू शकेल. त्याने ते खरं धरलं. न धरून करायचं काय होतं?

नट बसला. हवा काढली. या वेळी रायभान "फिरव" म्हणाला, "हळू" म्हणाला, "बस" म्हणाला. एका दमात झालं. आता हँडल मारायचं आणि खटका पाडायचा, एवढंच उरलं होतं. पण भुजंगने हँडल रायभानच्या हातात दिलं.

"मला काय देतो? बोट बघ की."

"दुसऱ्या हातानं मार. सोमवारपासून कोण मारणार हाय?"

त्याने जाळ्याच्या दोरीचा एक तुकडा कापला, एक टोक खटक्याला बांधलं, दोरी इंजिनाच्या खालून घालून डाव्या अंगाला आणली आणि टोकाला पाय जाईल एवढा फास केला. "याच्यात पाय घाल. चाकाला वेग आला का पाय ओढ. खटका पडतो. एकट्याचं काम हाय."

"हे तुला आधी न्हाई सुचलं?"

"सुचलं व्हतं," भुजंग म्हणाला. "पहिल्याच साली."

पहिल्या वेळी रायभानने पाय लवकर ओढला. दुसऱ्या वेळी दोरी टाचेखाली अडकली आणि भुजंग हसला. "मेंढरं बरी. त्यांला खटका नसतो." तिसऱ्या वेळी चाकाला वेग आला, त्याने पाय ओढला, खटका पडला आणि इंजिन धडधडत उठलं. काळा धूर बाभळीच्या वाळक्या फांद्यांतून वर गेला. नटापाशी बारीकसं डिझेल पाझरत होतं, पण साबण धरून होता.

भुजंगने बाभळीची दोरी सोडली आणि तो पुढे जाऊन बसला, मासळीच्या पाटीशेजारी, जिथे अकरा वर्षांत तो कधी बसला नव्हता. त्याला करायला काही नव्हतं. हात गुडघ्यांवर ठेवून तो काठाकडे बघत राहिला. त्याचं डोकं आता उघडं होतं आणि वाऱ्याने केस उडत होते. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू गेलं नसतं, म्हणून कुणी बोललं नाही.

टेकाड बाजूला सरकलं आणि गाव दिसायला लागलं. रायभानने हात लांब करून डिझेलची कळ थोडी मागे घेतली. एकदम नाही. जरा, मग आणखी जरा. होडी सावकाश झाली. इंजिन भुजंगचं होतं, त्याचा आवाज उतरला की झोपेतसुद्धा त्याला कळायचं. पण त्याने मागे वळून बघितलं नाही.